दोरीचं दुसरं टोक

वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्रात मुंबईच्या मोठ्या भागाचं सांडपाणी येऊन पडतं. तिथे ते चाळलं जातं, पंपांनी उचललं जातं आणि मोठ्या नळातून दूर समुद्रात सोडलं जातं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने 'उत्पादन प्रक्रिया' म्हणजे काय हे ठरवताना तेल आणि पाण्याबरोबर सांडपाणी उपसण्याच्या कामाचाही त्यात समावेश केला होता. त्यामुळे सांडपाण्याचं पंपघर कायद्याच्या दृष्टीने कारखाना ठरू शकत होतं, आणि तिथल्या कामगाराला त्या कायद्यातल्या कलम ३६ चा आधार मिळत होता.

हे कलम सगळ्यांनी वाचावं असं आहे. टाकी, खड्डा, नळ, धुराडं अशा कोणत्याही कोंडलेल्या जागेत घातक वायू असण्याचा संभव असेल, तर माणसाला सहज बाहेर पडता येईल एवढं तोंड असल्याशिवाय त्याला आत उतरवायचं नाही. जाणकार माणसाने आतली हवा तपासून ती सुरक्षित असल्याचा लेखी दाखला द्यायचा. तसा दाखला नसेल तर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र हवं, कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोरी हवी, आणि दोरीचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं. स्वातंत्र्य मिळून वर्षभर झालं होतं, तेव्हा आपल्या कायदेमंडळाने हे लिहून ठेवलं. काय करायला हवं हे देशाला तेव्हापासून माहीत आहे.

आता त्या पंपघराच्या कुंपणाबाहेर या. तेच सांडपाणी वाहून आणणारं भूमिगत गटार रस्त्याखालून जातं. त्यात तोच गाळ, तोच वायू, तोच अंधार. पण रस्ता म्हणजे कारखाना नव्हे. म्हणून गटारात उतरणाऱ्या पालिका कामगाराला हे कलम लागू नव्हतं. १९९३ चा कायदा आला तो डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा आणि कोरडे संडास बंद करण्यासाठी. भूमिगत गटारांचा विचार त्यात नव्हता. गटार आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईवर बंदी घालणारा देशव्यापी कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. कुंपणाच्या आतलं संरक्षण बाहेर यायला पासष्ट वर्षं लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कारखाने अधिनियम नव्या कामगार संहितेत सामावला गेला, तरी पालिका कामगाराच्या सुरक्षेचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो. कारण या सगळ्या इतिहासात विज्ञान कधीच कमी पडलेलं नाही. हा माणूस 'कामगार' म्हणून मोजायचा की नाही, एवढाच प्रश्न अडलेला आहे.

वायूचं शास्त्र फार अवघड नाही, आणि ते कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात. गटाराच्या तळाशी साचलेल्या गाळात प्राणवायू पोचत नाही. तिथे वाढणारे जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो खालीच बसून राहतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भाग असला तरी येतो. पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलं की थोड्याच वेळात नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. पाचशे-सातशेला माणूस काही मिनिटांत कोसळतो, आणि हजाराच्या घरात गेलं तर एक-दोन श्वास पुरतात. शरीरातल्या पेशींना मिळालेला प्राणवायू वापरताच येत नाही, असा या विषाचा परिणाम असतो.

यात सगळ्यात घातक गोष्ट मधली आहे. वास यायचा थांबला म्हणजे हवा शुद्ध झाली असं उतरणाऱ्याला वाटतं, आणि नेमका तोच क्षण पळून जाण्याचा असतो. दुसरी गोष्ट, वायू गाळात अडकून असतो. वरून तपासलं तेव्हा हवा ठीक होती, माणूस उतरला, त्याने फावड्याने गाळ हलवला आणि अडकलेला वायू एकदम वर आला, असं वारंवार घडतं. म्हणून हवा तोंडाशी, मध्यावर आणि तळाशी तपासायची आणि काम चालू असेपर्यंत तपासत राहायची असते. त्याखेरीज मिथेन असतो. तो हवेत पाच ते पंधरा टक्के मिसळला की एक ठिणगी स्फोटाला पुरते. आणि साध्या हवेत जवळपास एकवीस टक्के असणारा प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांखाली गेला, तर विष नसलेली हवासुद्धा माणसाला धोक्याची.

जुने कामगार झाकण उघडल्यावर आत झुरळं हलताहेत का ते बघतात. कोणी पेटलेली काडी टाकून बघतो. पिढ्यान् पिढ्या कुणी यंत्र हातात दिलं नाही, तेव्हा जीव वाचवायला त्यांनी शोधलेल्या या युक्त्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच वाटतो. पण झुरळाला प्राणवायू फार थोडा लागतो, आणि पेटती काडी मिथेनमध्ये पडली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. मुठीत मावेल एवढं वायुमापक यंत्र चार वायू एकाच वेळी मोजतं आणि धोका दिसताच आवाज करतं. पालिकेच्या अंदाजपत्रकात त्याची किंमत शोधूनही सापडणार नाही, इतकी ती किरकोळ असते.

एक माणूस खाली कोसळला की वर उभे असलेले काय करतात? भाऊ, मेव्हणा, शेजारच्या खोलीत राहणारा गाववाला खाली पडलेला असतो. दुसरा धावत उतरतो. मग तिसरा. वर्तमानपत्रात एकाच टाकीत तिघांचे, चौघांचे मृत्यू वाचायला मिळतात ते यामुळे. २०१५ च्या नोव्हेंबरात कोझिकोडला गटारात अडकलेल्या दोन कामगारांना वाचवायला रस्त्याने जाणारा एक रिक्षाचालक उतरला, आणि तिघेही गेले. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या केरळमधल्या काही तरुण अभियंत्यांनी पुढे मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव तयार केला. 'बँडिकूट' नावाचं ते यंत्र २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागलं. वाचवणाऱ्याने धीर दाखवायचा तो वर उभं राहून दोरी ओढण्यात. पण त्यासाठी आधी दोरी बांधलेली असावी लागते.

अशा वेळी शेवटी अग्निशमन दलाला बोलावतात, आणि मुंबईच्या संदर्भात मला हा भाग फार विचार करायला लावतो. मुंबई अग्निशमन दल हे महानगरपालिकेचंच खातं. जवान येतो तेव्हा त्याच्या पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेचा सिलिंडर असतो. तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा असतो आणि त्यात बाहेरचा वायू शिरू नये म्हणून आतला दाब किंचित जास्त ठेवलेला असतो. हवा संपत आली की शिटी वाजते. तो किती वाजता आत गेला याची नोंद बाहेरचा सहकारी ठेवतो. त्याला एकट्याने आत जायची परवानगी नसते, आणि अधिकाऱ्याने 'बाहेर या' म्हटलं की यावंच लागतं. त्याच खड्ड्यात तासाभरापूर्वी जो उतरला होता, त्याच्या अंगावर बनियन आणि अर्धी चड्डी. दोघेही शहराच्याच कामासाठी उतरले. शहर एकच, वायूही एकच.

ही शिस्त अग्निशमन दलाला आयती मिळालेली नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत दलाच्या प्रमुखांसह चार अधिकारी गेले. साधनं आणि शिस्त असूनही हे काम जिवावर बेततं. पण त्या मृत्यूंची चौकशी होते, त्यातून नियम बदलतात, नावं संगमरवरावर कोरली जातात. गटारात मेलेल्या माणसाच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो, तो नेमका कोणाचा कामगार होता?

या प्रश्नामागे गेली तीस-पस्तीस वर्षं बदलत आलेली पालिकेची कामाची रचना आहे. कायम कामगार, बदली कामगार, कंत्राटी कामगार आणि कंत्राटदाराने तिसऱ्याकडून आणलेला नाक्यावरचा मजूर, अशा पायऱ्या आहेत. धोक्याचं काम पायरीपायरीने खाली सरकतं आणि जबाबदारी वरच्या पायरीवरच विरून जाते. कंत्राटी कामगारांसाठीचा १९७० चा कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कंत्राटदाराला लागू होता, तेव्हा मुंबईच्या कचरा खात्यात वीसपेक्षा कमी माणसांची छोटी छोटी कंत्राटं निघाली. वस्त्यांच्या सफाईत तर कामगारांना 'स्वयंसेवक' म्हटलं गेलं आणि त्यांना मिळणारे पैसे मानधन ठरले. स्वयंसेवकाला गमबूट कोणी द्यायचे? तो पडला तर नुकसानभरपाई कोणाकडे मागायची? कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली ही लढाई वर्षानुवर्षं औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवली आणि २०१७ मध्ये सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली. हा निकाल बहुतेकांनी पगाराचा म्हणून वाचला. माझ्या मते तो सुरक्षेचाही निकाल आहे. हजेरीपटावर नाव असलेला माणूस 'आज उतरत नाही, मशीन आणा' असं मुकादमाला सांगू शकतो. ज्याची रोजी आज संध्याकाळी ठरते, त्याला ते सांगता येत नाही.

सुरक्षेचं धोरण म्हटलं की पालिकेत पहिली फाइल हातमोज्यांच्या खरेदीची निघते. सुरक्षाशास्त्रात उपायांची उतरंड ठरलेली आहे, आणि ती नेमकी उलटी आहे. आधी धोकाच काढून टाका, म्हणजे माणूस उतरण्याची गरज संपवा. ते जमत नसेल तर माणसाऐवजी यंत्र आणा. मग रचना बदला: मॅनहोलची तोंडं मोठी करा, गल्लीत शिरेल अशी गाडी बांधा. हैदराबादच्या जलमंडळाने अरुंद गल्ल्यांसाठी छोट्या जेटिंग गाड्या रस्त्यावर आणल्या तो हाच मार्ग. त्यानंतर कामाचे नियम, प्रशिक्षण, परवाने. आणि सगळ्यात शेवटी, बाकीचं करूनही जो धोका उरेल त्यासाठी, अंगावरची साधनं. शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली की सुरक्षा कामगाराच्या गळ्यात पडते. अपघात झाला की 'त्याने मास्क लावला नव्हता' एवढं एक वाक्य अहवालाला पुरतं. प्राणवायू नसलेल्या खड्ड्यात कापडी मास्कचा काडीचाही उपयोग नाही, हे अहवाल लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.

२०१३ च्या कायद्यातही ही उतरंड पुरती उमटलेली नाही. त्यातली 'धोकादायक सफाई'ची व्याख्या अशी आहे की संरक्षक साधनं न देता आणि खबरदारी न घेता माणसाकडून सफाई करून घेतली तर तो गुन्हा. म्हणजे साधनं दिली असं कागदावर दाखवता आलं की सुटकेची वाट मोकळी. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत, अशी शिक्षा आहे. कायद्याखालच्या नियमांनी माणूस उतरवण्याचे अपवाद मोजके ठेवले आहेत आणि त्यांपलीकडे माणूस उतरवायचा तर स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. कामावर कमीत कमी तिघे हवेत, त्यांतला एक पर्यवेक्षक. नियम चांगले आहेत. पण हाताने मैला उचलणं आणि गटारात उतरणं यांत कायद्याने केलेला भेद किती दूर जातो पाहा. जुलै २०२१ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की हाताने मैला उचलण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात गुदमरून मेलेल्यांची मोजणी वेगळ्या रकान्यात होत होती. बेझवाडा विल्सन यांच्या सफाई कर्मचारी आंदोलनाने हे मृत्यू नावानिशी मोजायला लावले, आणि त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली, आणि कायमचं अपंगत्व आलं तर वीस लाख.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. एका पिढीला त्या शिफारशीने भाकरी दिली, हे मान्यच करायला हवं. मुंबईच्या सफाई कामगारांच्या वसाहतींत या वारसा हक्काकडे घराचा आधार म्हणून बघतात, आणि त्यावर गदा आली तर लोक रस्त्यावर उतरतील. पण वडील क्षयाने, दारूने किंवा अपघाताने गेले की मुलगा त्याच झाडूवर, त्याच मॅनहोलवर. यांतले बहुसंख्य दलित, ही गोष्ट सुरक्षेच्या चर्चेत बाजूला ठेवता येत नाही. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची काढलेली छायाचित्रं पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. काम करणाऱ्याची जात ठरलेली असेल, तर त्या कामातला धोका समाजाला नैसर्गिक वाटू लागतो. यंत्र यायला उशीर झाला त्याचं हे कारण मला पैशांपेक्षा मोठं वाटतं.

गटारांचं इतकं सांगितलं, तरी पालिकेचे बहुसंख्य सफाई कामगार रस्त्यावर आणि कचरागाडीवर असतात, आणि तिथे धोका रोजचा, थोडाथोडा असतो. पहाटेच्या पाळीला अंधारात रस्ता झाडणाऱ्या बाईला भरधाव गाडी दिसते, गाडीवाल्याला ती दिसत नाही. म्हणून चमकणारं जाकीट. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसची भीती. म्हणून गमबूट, पायावरची जखम झाकणं, आणि पाण्यात काम झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, पादत्राणं आणि मास्क देणं बंधनकारक केलं होतं.

आता तो हातमोजा जवळून बघा. जाड रबराचा आणि एकाच मापाचा, म्हणजे पुरुषाच्या हाताचा. बाईच्या हातात तो बोटांच्या टोकाशी लोंबतो आणि झाडूचा दांडा त्यातून निसटतो. एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरात आत घामाचं पाणी होतं, बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलवटते. ओल्या कचऱ्यातून प्लास्टिक वेगळं काढायचं तर बोटांना काही जाणवत नाही. मग ती मोजा काढून कमरेला खोचते आणि उघड्या हाताने काम उरकते. 'दिलं तरी हे लोक वापरत नाहीत' अशी तक्रार वरून होते. खरेदी करण्याआधी दोन-चार नमुने चौकीवर आणून आठवडाभर वापरायला दिले असते, तर ही तक्रारच उरली नसती. हजेरी चौकीचंही तसंच. कपडे बदलायला आडोसा, आंघोळीला पाणी आणि बायकांसाठी संडास नसेल, तर दिवसभर घाणीत काम केलेली बाई त्याच कपड्यांनी लोकलमधून घरी जाते. या सोयींना सहसा कल्याणकारी योजना म्हणतात. संसर्ग घरापर्यंत जाऊ नये म्हणून त्या असतात, तेव्हा त्यांची जागा सुरक्षा धोरणातच हवी.

धोक्यांच्या या साखळीचं एक टोक आपल्या घरात आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला नागरिकांना सांगितलं. कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते पुडकं उघडावं लागत नाही. फुटलेली काच, इन्सुलिनची सुई, दाढीचं पातं यांचंही असंच व्हायला हवं: वेगळ्या डब्यात किंवा जाड कागदात, वर ठळक खूण.

आणि सोसायटीची सेप्टिक टँक. २०१९ च्या डिसेंबरात गोवंडीत एका खाजगी इमारतीची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि २०२१ च्या सप्टेंबरात न्यायालयाने त्यांना दहा-दहा लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. टाकी खाजगी असली तरी २०१३ चा कायदा लागू होतो, आणि काम देणारी सोसायटीही त्यात अडकू शकते. तेव्हा चिटणीसांनी आणि व्यवस्थापकांनी टाकी उपसण्याचं काम देताना कमीत कमी दरपत्रक न पाहता आधी विचारावं: सक्शन गाडी येणार आहे का, वायुमापक कोणाच्या हातात असेल, विमा कोणाच्या नावाचा आहे, आणि माणूस उतरवावा लागेल असं कंत्राटदाराचं म्हणणं असेल तर परवानगीचं पत्र कुठे आहे. उत्तर मिळालं नाही तर झाकण उघडू देऊ नये आणि पालिकेला किंवा १४४२० या राष्ट्रीय मदत क्रमांकाला फोन करावा. वार्षिक सभेत हिशेब वाचताना 'टाकी सफाई' या ओळीसमोर फार लहान आकडा दिसला, तर तो कशामुळे लहान झाला हे सभासदांनी उभं राहून विचारावं आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.